अंगावरची चादर सांभाळणं हेही उपचारच आहेत

मागे या सदरात ऑपरेशनच्या तयारीबद्दल लिहिलं होतं, तेव्हा टाके कधी निघतात, आंघोळ कधी करायची असेच प्रश्न येतील असं वाटलेलं. आलेली पत्रं मात्र जवळपास सगळी दुसऱ्याच गोष्टीवर होती, कपडे काढावे लागणं, कुणीतरी बघणं, कुणीतरी काहीतरी बोलणं, आणि त्याबद्दल कुणाशी बोलता न येणं. मी सर्जिकल वॉर्डात आणि ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, दोन्हीकडे काम केलंय आणि आता नर्सिंगच्या मुलामुलींना शिकवते, त्यामुळे या विषयावर मला बोलायचंच होतं. पत्रं थोडी छोटी केली आहेत, नावं काढली आहेत.

प्रश्न : ताई, आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं. ऑपरेशन छान झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण ओटीत नेतानाचं डोक्यातून जात नाहीये. मागून उघडा गाऊन आणि वर एक पातळ चादर, ती लिफ्टमध्ये शिरताना घसरली आणि आत सगळी अनोळखी माणसं. एका हाताला सलाईन, पाय हलवायचा नाही, तिला चादर ओढून घेता येईना. शिवाय कवळी सकाळीच काढायला लावली होती आणि नंबर लागला दुपारी, तेवढा वेळ ती तोंडावर हात धरून पडून होती, भेटायला आलेल्यांशी एक शब्द बोलली नाही. मी विचारलं तर म्हणाले ओटीत सगळे सारखेच असतात. मी उगाच बाऊ करतेय का?

उत्तर : नाही, अजिबात नाही. तुमच्या आईला ऑपरेशनपेक्षा ती लिफ्ट जास्त दिवस लक्षात राहणार आहे आणि ते टाळणं कुणालाही जमण्यासारखं होतं.

आधी गाऊनचं बघू. तो मागून उघडा असतो त्याला कारण आहे, पेशंटला फार न हलवता काढता-घालता येतो, पाठीत भूल द्यायची तर पाठ लगेच मोकळी होते, मॉनिटरच्या वायरी लावता येतात. पण म्हणून पेशंटने उघडंच जायचं असं कुठेच लिहिलेलं नाही. चालत जाणाऱ्याला दुसरा गाऊन उलटा, म्हणजे पुढून उघडा राहील असा वरून घालायला देता येतो, आणि ट्रॉलीवरून नेताना चादर पायाखाली आणि दोन्ही कुशीखाली खोचली की ती घसरत नाही. खोचायला किती वेळ लागतो सांगा. ट्रॉली वॉर्डातून बाहेर काढायच्या आधी जिने पेशंट ताब्यात दिला त्या सिस्टरने एकदा डोक्यापासून पायापर्यंत बघायचं, चादर, सलाईन, कागद, हातातला पट्टा. यात चादर पहिली.

आणि ही नुसती लाजेची गोष्ट नाहीये बरं का. ऑपरेशनच्या पेशंटचं अंग लवकर गार पडतं, भुलीमुळे शरीराची ऊब राखायची ताकद कमी होते, ओटी थंड असते, अंग उघडं असतं. शरीराच्या आतलं तापमान ३६ अंश सेल्सिअसच्या खाली गेलं की त्रास सुरू होतात, रक्तस्राव वाढू शकतो, जखम भरायला वेळ लागतो. १९९६ मध्ये मोठ्या आतड्याच्या ऑपरेशनच्या २०० पेशंटवर झालेला एक अभ्यास आम्ही मुलांना नेहमी सांगतो, ज्यांना ऑपरेशनभर उबदार ठेवलं त्यांच्यात जखमेचं इन्फेक्शन ६ टक्के आणि ज्यांचं अंग गार पडू दिलं त्यांच्यात १९ टक्के. तेव्हा जी चादर आईची लाज राखणार होती तीच तिची ऊबही राखणार होती. "एवढं काय त्यात" म्हणणाऱ्यांना हे जरूर सांगा.

कवळीचं म्हणाल तर ती काढायला लागते हे खरं. भूल देताना घशात नळी घालायची वेळ आली तर सैल कवळी निसटून आत जाऊ शकते, तुटू शकते. पण ती भूल द्यायच्या थोडं आधी काढली तरी चालते, नाव लिहिलेली डबी पेशंटबरोबर ओटीच्या दारापर्यंत पाठवायची, तिथे काढायची आणि ऑपरेशननंतर रिकव्हरीच्या खोलीत पूर्ण शुद्ध आली की परत लावायची. सकाळीच काढून टाकणं हे वॉर्डाच्या सोयीसाठी होतं, एकदा काढलं की विसरायची भीती नाही म्हणून. भूलतज्ञ आदल्या दिवशी तपासायला येतात तेव्हा त्यांनाच विचारायचं, "कवळी शेवटपर्यंत ठेवू का?" बहुतेक वेळा ते हो म्हणतात.

आता तक्रारीचं. भांडायला नका जाऊ, पण गप्पही नका बसू. काय झालं, कुठे झालं, साधारण किती वाजता, एवढंच एका कागदावर लिहून इनचार्ज सिस्टर किंवा मेट्रनकडे, म्हणजे हॉस्पिटलच्या मुख्य नर्सकडे द्या. तोंडी सांगितलेलं ड्युटी बदलली की विरतं, कागद राहतो.

प्रश्न : मॅडम मी नर्सिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सर्जिकल पोस्टिंगमध्ये पुरुष पेशंटना कॅथेटर म्हणजे लघवीची नळी घालणं, ऑपरेशनआधी प्रेप म्हणजे त्या भागाचे केस काढून साफ करणं हे करावं लागतं आणि मला खूप अवघडल्यासारखं होतं. पेशंट डोळे मिटून भिंतीकडे तोंड करतात. सीनियर म्हणतात लाजत बसलीस तर काम कधी शिकणार, पटकन कर आणि नीघ. मग मी काही न बोलता पटपट करते. बरोबर आहे का हे?

उत्तर : अगं, तुझं अवघडणं चांगलंय, ते पूर्ण गेलं तर मला जास्त काळजी वाटेल. चूक आहे ती न बोलण्यात. तू गप्प राहून घाई केलीस की पेशंटला वाटतं आपलं शरीर बघून हिला किळस आली.

क्रम लावून घे, क्रम पक्का झाला की लाजही आपोआप कमी होते. आधी सगळं सामान गोळा कर, ट्रे पूर्ण झाल्याशिवाय पेशंटजवळ जाऊच नकोस, कारण कपडे काढल्यावर "ग्लोव्हज राहिले, आणते" म्हणून तू गेलीस की तो माणूस तसाच पडून राहतो. मग पडदा, आणि पडद्याला फट राहिलीये का ते बाहेरून स्वतः बघ. मग तुझं नाव सांग. खरंच सांग, हे फार कमी लोक करतात. ब्रिटनमध्ये केट ग्रेंजर नावाची डॉक्टर स्वतः कॅन्सरची पेशंट होती, २०१३ मध्ये अॅडमिट असताना तिच्या लक्षात आलं की येणारे-जाणारे हात लावून जातात पण नाव कुणीच सांगत नाही. तिने त्यावर "हॅलो, माय नेम इज" ही मोहीम सुरू केली, २०१६ मध्ये ती गेली पण ती सवय अनेक देशांतल्या हॉस्पिटलांनी उचलली.

नाव झालं की काय करणार आणि कशासाठी ते साध्या भाषेत सांग, आणि विचार, "करू का? की ब्रदरना, म्हणजे पुरुष नर्सना, बोलावू?" ब्रदर ड्युटीवर असतील आणि पेशंटला ते हवे असतील तर बोलाव, त्यात तुझा काही कमीपणा नाही. चादर कमरेवरून खाली ओढायची नाही, वरचं अंग एका चादरीने झाकायचं, पाय दुसरीने, मधला लागेल तेवढाच भाग उघडा. प्रत्येक स्पर्शाच्या आधी सांगायचं, "आता गार लागेल", "आता थोडं दुखेल, श्वास सोडा". बोलताना चेहऱ्याकडे बघ. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे झालं की आधी पेशंटला झाक, मग ट्रे आवर. वॉर्डात मी उलटंच बघते, मुली सुया, कापूस, रॅपर सगळं गोळा करतात, बॅगेवर तारीख लिहितात, तोपर्यंत पेशंट उघडाच. वेळ तेवढाच लागतो गं, फक्त कशानंतर काय एवढा फरक.

अजून एक, जे कुणी शिकवत नाही. कॅथेटरच्या वेळी कधीकधी पुरुष पेशंटला उत्तेजना येते. ती शरीराची आपोआप होणारी क्रिया आहे, त्यात त्याचा हेतू शोधू नकोस, तो तुझ्याहून जास्त मेला असतो शरमेने. झाकायचं, "थोड्या वेळाने करू" म्हणायचं, बाजूला व्हायचं, आणि नर्सिंग स्टेशनवर जाऊन हा किस्सा सांगायचा नाही. कुणी मुद्दाम घाणेरडं वागलं तर मात्र ताबडतोब थांब आणि सीनियरला बोलाव, तुझाही मान तेवढाच आहे.

प्रेपबद्दल तर आधी हेच विचार की केस काढायची गरज आहे का. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये जखमेच्या इन्फेक्शनवर ज्या सूचना काढल्या त्यात स्पष्ट आहे, केस शक्यतो काढूच नका, काढावेच लागले तर क्लिपरने, म्हणजे केस कापायच्या मशीनने, ब्लेडने दाढी केल्यासारखे कधीच नाही. ब्लेडने त्वचेला बारीक चिरा पडतात आणि तिथून जंतू आत जातात. तरीही पुष्कळ ठिकाणी आदल्या संध्याकाळी रेझर घेऊन छातीपासून गुडघ्यापर्यंत साफ करायची पद्धत चालूच आहे. पेशंटची लाज पण गेली आणि इन्फेक्शनचा धोकाही वाढला, मिळवलं काय? सीनियरना उलट उत्तर नको देऊस, "सर्जननी किती भाग सांगितलाय?" एवढं विचार. बऱ्याचदा उत्तर येतं की काही सांगितलेलं नाही.

प्रश्न : माझं स्तनाचं ऑपरेशन ठरलंय. वजन खूप आहे माझं. मला ऑपरेशनची भीती नाही वाटत, पण भूल दिल्यावर माझ्या शरीराबद्दल तिथे काय बोलतील याची वाटते. हे कुणाला सांगितलं तर हसतील.

उत्तर : हसणार नाही कुणी, आणि ही भीती तुमच्या एकटीची तर मुळीच नाही.

आत काय होतं ते सांगते म्हणजे चित्र स्पष्ट होईल. ओटीत नेल्यावर नाव विचारतील, कुठल्या बाजूचं ऑपरेशन ते तुमच्याच तोंडून ऐकतील. जागतिक आरोग्य संघटनेची २००८ पासूनची एक चेकलिस्ट आहे, भुलीच्या आधी, चिरा द्यायच्या आधी आणि ओटीतून बाहेर न्यायच्या आधी अशी तीनदा ती म्हणायची असते, आणि दुसऱ्या वेळी टीममधल्या सगळ्यांनी आपलं नाव आणि काम सांगायचं, पेशंटचं नाव मोठ्याने घ्यायचं. चुकीच्या माणसाचं किंवा चुकीच्या बाजूचं ऑपरेशन होऊ नये म्हणून ती आहे. पण मी बघितलंय की जिथे ती मनापासून म्हणतात तिथे टेबलावरचा देह हा "पुढची केस" राहत नाही, नाव असलेली बाई होते, आणि मग लोक बोलतातही वेगळं. त्यानंतर जिथे काम करायचं तेवढीच जागा सोडून सगळ्या अंगावर निर्जंतुक कापडं पसरतात, बाकी शरीर कुणाला दिसतच नाही.

वाईट बोलणारे असतात का? असतात. खोटं सांगून तुमचं समाधान करणार नाही. म्हणूनच झोपलेल्या पेशंटच्या वतीने बोलणं हे ओटी नर्सचं काम आहे, कुणी शरीरावरून काही म्हणालं तर "सर, हे इथे नको" म्हणणारा आवाज तिचा असला पाहिजे. मोबाईल काढून फोटो घेणं तर पेशंटच्या लेखी संमतीशिवाय चालतच नाही. आणि पाठीत भूल दिलेले पेशंट जागे असतात, पडद्याअलीकडे सगळं ऐकत असतात, हे ज्यांना आठवत नाही त्यांच्यामुळे कित्येक लोक घरी जाऊन महिनोन्महिने एखादं वाक्य घोळवत बसतात.

तुम्ही एवढं करा. आदल्या दिवशी सिस्टरला बाजूला घेऊन हीच भीती याच शब्दांत सांगा. आणि मागा, की झोप लागेपर्यंत अंगावरची चादर काढू नका, गाऊन उघडणं, अंग साफ करणं, कॅथेटर लागणार असेल तर तोही, हे सगळं भूल दिल्यानंतर करा. यातलं बहुतेक तसंच करता येतं. एखादी बाई सिस्टर पूर्ण वेळ आत असावी असं वाटत असेल तर तेही मागा.

प्रश्न : मी सर्जिकल वॉर्डची इनचार्ज आहे. तुमच्यासारखे लोक लेक्चर देतात पण रात्री दोन सिस्टर आणि पूर्ण भरलेला वॉर्ड, पडद्याचे स्टँड दोन, त्यातल्या एकाचं चाक गेलेलं. यात पेशंटचा मान कसा राखायचा ते सांगा. राग नाही पण खरंच सांगा.

उत्तर : तुमचा राग रास्त आहे. माणसं कमी आहेत हा प्रश्न नर्सच्या गोड बोलण्याने सुटत नाही, तो प्रशासनाने सोडवायचाय, आणि ते लेखी मागत राहायला हवं. पडद्याचं तर मी हट्टाने मागेन, ड्रेसिंगच्या वेळी पडदा नव्हता असं ज्या ज्या दिवशी झालं ते रजिस्टरला लिहीत जा, महिन्याने तीच पानं पुढे ठेवा.

तोपर्यंत तुमच्या हातात जे आहे त्यातली एकच गोष्ट निवडायची असेल तर मी बेडपॅन निवडेन. बाकी सगळं त्यानंतर. पोटाचं ऑपरेशन झालेला माणूस बेडपॅन मागायला आधीच लाजतो, त्यात "थांबा हो जरा" ऐकलं की पुढच्या वेळी मागतच नाही. मग काय होतं ते तुम्ही रोज बघता, पाणी कमी पितो, लघवी तुंबते, शौचाला खडा होतो, आणि म्हातारे लोक रात्री कुणाला न सांगता स्वतःच उठतात आणि पडतात. पडलेल्या पेशंटमागे जाणारा वेळ, एक्स-रे, रिपोर्ट, नातेवाईक, हे बेडपॅनच्या वेळेपेक्षा किती जास्त. म्हणून मागायची वाट न बघता ठरलेल्या वेळी विचारत फिरायचं, झोपायच्या आधी तर नक्कीच. "थांबा" ऐवजी "त्या सलाईनचं करून येते, पाच मिनिटं" म्हणायचं आणि यायचं. बेडपॅन दिल्यावर निघून जायचं पण बेल हाताशी ठेवून, आणि नंतर हात धुवायला पाणी द्यायचं, हे तर हमखास राहतं. लघवीची बॅग येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसेल अशी लटकू देऊ नका, मूत्राशयाच्या खालच्या पातळीवर, जमिनीला न टेकता, आणि वरून एक साधं कापड.

दुसरं, "बारा नंबर" म्हणणं बंद करा. बेड बदलतात, माणसं तीच राहतात, औषध देताना नाव आणि जन्मतारीख किंवा केस नंबर अशा दोन खुणा जुळवायच्या असतात आणि त्यात बेड नंबर धरत नाहीत, तो धरला की चुकीच्या माणसाला इंजेक्शन जातं.

हँडओव्हर, म्हणजे ड्युटी बदलताना पेशंटची माहिती देणं, आणि डॉक्टरांच्या राऊंडबद्दल थोडंसं. पडदा नजर अडवतो, आवाज नाही. शेजारच्या बेडला कुणाची गाठ कसली निघाली हे कळता कामा नये. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८५९ मध्येच लिहून ठेवलंय की पेशंटच्या खोलीबाहेर किंवा पॅसेजमध्ये उभं राहून त्याच्याबद्दल बोलत राहणं हा नकळत केलेला क्रूरपणा आहे, कारण आपल्याबद्दलच बोलतायत हे त्याला कळत असतं. आम्ही अजून तेच करतो.

आणि अॅडमिशनच्या वेळी एक प्रश्न वाढवून बघा. हार्वी चोचिनोव हे कॅनडाचे मानसोपचारतज्ज्ञ, पेशंटच्या मानावर त्यांनी खूप काम केलंय, त्यांचा प्रश्न असा आहे की तुमची नीट काळजी घेता यावी म्हणून एक माणूस म्हणून तुमच्याबद्दल आम्हाला काय माहीत असायला हवं? उत्तर एक ओळ येतं. कुणी म्हणतं मला कमी ऐकू येतं पण सांगायला लाज वाटते, कुणी म्हणतं मला कुणी उचललेलं आवडत नाही, सांगा मी स्वतः सरकेन. ती ओळ केस पेपरवर वरच लिहा, रात्रीच्या सिस्टरला तीच कामी येते.

प्रश्न : आतड्याचं ऑपरेशन आहे, पोटावर पिशवी बसवावी लागेल म्हणालेत. बायकोलाही दाखवणार नाही मी. नर्सने बदललेली चालेल पण घरच्यांनी नको.

उत्तर : आत्ता काहीच ठरवू नका. एक काम मात्र ऑपरेशनच्या आधी करून घ्या, पिशवीची जागा पोटावर आधीच मार्क करून घ्यायची. स्टोमाची, म्हणजे पिशवीसाठी पोटावर केलेल्या आतड्याच्या तोंडाची, माहिती असलेली नर्स किंवा सर्जन तुम्हाला बसवून, उभं करून, वाकवून बघतात, पट्ट्याची रेघ आणि पोटाची घडी टाळतात, आणि तुम्हाला स्वतःला दिसेल अशी जागा निवडतात. ही जागा नीट असली की गळती कमी होते आणि पिशवी तुम्हाला स्वतःला सांभाळता येते, कुणावरच अवलंबून राहावं लागत नाही. ती एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करायची, फुगेपर्यंत थांबायचं नाही. पहिल्यांदा बदलतील तेव्हा बघायचं नसेल तर नका बघू, दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बघा. बायकोला केव्हा दाखवायचं हे तुम्हीच ठरवायचं, आणि तुमच्या परवानगीशिवाय सिस्टरने तिला बोलावून शिकवायला घेऊ नये, हे सिस्टरला आधीच सांगून ठेवा.

प्रश्न : बाबांचं ऑपरेशन झालं आणि दुसऱ्या रात्री ते भ्रमिष्टासारखे बोलायला लागले, शिव्या दिल्या, नळ्या ओढल्या. सकाळी गेलो तर दोन्ही हात बांधलेले. आता शुद्धीवर आहेत पण आमच्याशी नजर मिळवत नाहीत.

उत्तर : वयस्कर पेशंटमध्ये ऑपरेशननंतर असं पुष्कळ वेळा होतं, त्याला डिलिरियम म्हणतात, आणि बहुतेकांचं ते काही दिवसांत ओसरतं. बांधणं हा अगदी शेवटचा उपाय असायला हवा, तोही डॉक्टरांना विचारून, थोड्या वेळापुरता, मनगटाची कातडी आणि रक्तपुरवठा सारखा तपासत आणि घरच्यांना फोन करून. त्याआधी कारण शोधायचं असतं, दुखतंय का, लघवी तुंबलीये का, ऑक्सिजन कमी आहे का, इन्फेक्शन आहे का, कुठलं औषध नवीन सुरू झालं. चष्मा आणि कानातलं मशीन परत लावलं, ओळखीचं कुणी रात्री जवळ बसलं तरी बराच फरक पडतो. घरचं माणूस रात्री थांबू देता येईल का हे वॉर्डात विचाराच.

नजर मिळवत नाहीत याचा अर्थ त्यांना थोडंफार आठवतंय. घरी कुणीही तो प्रसंग गंमत म्हणून सांगू नये, पाहुण्यांसमोर तर नाहीच. त्यांनी विषय काढला तर सांगा, ऑपरेशन आणि औषधांमुळे झालं, तुम्ही काही वाईट वागला नाहीत. आणि डिस्चार्ज कार्डावर हे डॉक्टरांकडून लिहून घ्या, पुढे कधी भूल द्यायची वेळ आली तर भूलतज्ञांना ते आधी कळायला हवं.